डिजिटल रिपीटर नेटवर्कला देखरेख सॉफ्टवेअर जोडताना: नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

वणी-चंद्रपूर पट्ट्यातल्या कोळसा खाणी असोत, जंगलातले कामकाज असो किंवा चार तालुक्यांत पसरलेला एखादा कारखाना असो, जिथे मोबाइलचा भरवसा नाही तिथे वायरलेस सेट अजूनही चालतात आणि त्यांचा सगळा भार टेकडीवरच्या किंवा टॉवरखालच्या खोलीत ठेवलेल्या रिपीटरवर, म्हणजे एका सेटचा संदेश घेऊन तो दूरवर पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या यंत्रावर, असतो. त्या खोलीत माणूस बसलेला नसतो. त्यामुळे रिपीटर बंद पडल्याची पहिली खबर बहुधा ‘सेट लागत नाही’ अशा फोननेच येते, आणि तोवर काही तास उलटून गेलेले असतात. ही खबर फोनच्या आधी यावी, यासाठी देखरेख सॉफ्टवेअर लावतात.

वायरलेसचे काम येते पण राउटर आणि आयपी पत्ते नवे आहेत, किंवा संगणकाचे काम येते पण रिपीटर प्रथमच हाताळायचा आहे, अशा दोघांसाठीही हा लेख आहे. उदाहरण म्हणून मोटोरोलाच्या मोटोट्रबो मालिकेतील रिपीटर, त्यांची ‘आयपी साइट कनेक्ट’ ही जोडणी आणि त्यांवर देखरेख ठेवणारे ‘आरडॅक’ हे सॉफ्टवेअर धरले आहे. दुसऱ्या कंपनीची साधने असतील तर मेनूतली नावे बदलतील, कामाचा क्रम मात्र जवळपास हाच राहील.

१. सॉफ्टवेअर हाही नेटवर्कचा एक सदस्य असतो

मोटोट्रबो ज्यावर चालते ते डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) हे युरोपातील ‘एटसी’ या संस्थेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेले मानक आहे. यात १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर ३० मिलिसेकंदांचे दोन टाइम स्लॉट आलटून पालटून चालतात, म्हणून एका रिपीटरवरून एकाच वेळी दोन संभाषणे होऊ शकतात. वेगवेगळ्या ठिकाणचे रिपीटर आयपी नेटवर्कने एकमेकांना जोडले की एका टॉवरच्या हद्दीत बोललेले दुसऱ्या टॉवरच्या हद्दीत ऐकू येते.

या जोडणीत एक रिपीटर ‘मास्टर’ असतो आणि बाकीचे ‘पीअर’ असतात. प्रत्येक पीअर सुरू झाल्यावर मास्टरकडे आपली नोंद करतो, मास्टर त्याला इतर सर्व सदस्यांचे पत्ते देतो आणि त्यानंतर पीअर एकमेकांशी थेट बोलतात. आवाज मास्टरमधून फिरून जात नाही. यातून निघणारी एक गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची ठरते. मास्टर बंद पडला तरी आधी जोडलेले पीअर आपसांत चालूच राहतात, परंतु त्या काळात एखाद्या ठिकाणची लाइट जाऊन आली, तर तो रिपीटर पुन्हा नेटवर्कमध्ये येऊ शकत नाही, कारण त्याची नोंद घेणारा कोणी उरलेला नसतो. वरवर पाहता बिघाड त्या गावच्या रिपीटरचा दिसतो, मूळ मात्र दूरवरच्या मास्टरमध्ये असते.

देखरेख करणारा संगणक बाहेरून खिडकीतून डोकावतो, अशी बहुतेक नवख्यांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. आरडॅक चालवणारा संगणक हाही या नेटवर्कचा एक पीअर असतो: त्यालाही स्वतःचा वेगळा क्रमांक लागतो, तोच मास्टरचा पत्ता आणि तीच ‘प्रमाणीकरण की’ (सर्व सदस्यांत सामाईक असलेला गुप्त संकेतांक) लागते, आणि प्रत्येक रिपीटर त्याच्याशी थेट बोलतो. एका आयपी साइट कनेक्ट नेटवर्कमध्ये जास्तीत जास्त १५ साधने बसतात, त्यांत हा संगणकही मोजला जातो. पुढे ज्या अडचणी सांगितल्या आहेत, त्यांतल्या निम्म्याहून अधिक ही एक गोष्ट ध्यानात न ठेवल्यामुळेच उद्भवतात.

२. जागेवर जाण्यापूर्वी जमवायची कागदपत्रे आणि साधने

• केंद्रीय दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेने दिलेल्या परवान्याची प्रत. फ्रिक्वेन्सी, ठिकाणे आणि अटी त्यात असतात. रिपीटर इंटरनेटने जोडण्याचा विचार असेल, तर सार्वजनिक नेटवर्कशी जोडणीबाबतची अट आधी वाचावी आणि शंका असल्यास लेखी खुलासा घ्यावा. परवान्याचे अर्ज ‘सरल संचार’ या पोर्टलवरून होतात.
• प्रत्येक रिपीटरच्या कोडप्लगची मूळ प्रत, म्हणजे प्रोग्रामिंगची फाइल. त्यात काहीही बदल करण्यापूर्वी ती तारखेसह वेगळी जपून ठेवावी.
• प्रत्येक रिपीटरचा रेडिओ आयडी, कलर कोड, फर्मवेअरची आवृत्ती आणि अनुक्रमांक यांची यादी.
• राउटरचे पासवर्ड आणि सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे याची नोंद. सिम एखाद्या नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या नावावर निघाले, तर ते बंद पडल्यावर पुन्हा सुरू करून घेणे अवघड होते.
• विंडोज लॅपटॉप, प्रोग्रामिंग केबल, दोन चांगल्या इथरनेट केबल, मल्टिमीटर आणि व्हीएसडब्ल्यूआर (अँटेनाकडे पाठवलेली किती शक्ती परत येते ते दाखवणारे गुणोत्तर) मोजणारे मीटर.
• खोलीची किल्ली कोणाकडे असते, त्यांचा फोन नंबर आणि ते शेतावर किती वाजता जातात, हे. वाचताना हे किरकोळ वाटेल, पण कुलूपबंद खोलीसमोर दुपार घालवण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो.

३. जोडणीचा मार्ग निवडा

खेड्यातल्या टॉवरपर्यंत आयपी पोहोचवण्याचे मुख्य तीन मार्ग आहेत: फायबर, मोबाइलचे सिम घातलेला राउटर आणि दोन ठिकाणे बिनतारी जोडणारी ५.८ गिगाहर्ट्झची डिश.

फायबर मिळत असेल तर दुसरा विचार करू नये. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची केबल आली असेल आणि ती खरोखर चालू असेल, तर तिथून टॉवरपर्यंत डिशने नेता येते.

सिम राउटर सर्वांत सोपा वाटतो, पण त्यात एक अडचण दडलेली असते. सर्वसाधारण सिमला मिळणारा पत्ता त्या सिमचा स्वतःचा नसतो; कंपनी हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. राउटरच्या पानावर १०० ने सुरू होणारा, १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता दिसला, तर तुम्ही अशाच सामाईक पत्त्यामागे आहात असे समजावे. अशा सिमवर मास्टर ठेवता येत नाही, कारण बाहेरून त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच नसतो. राउटरमधले पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरून आलेले आतल्या साधनाकडे वळवण्याचे) पान कितीही वेळा भरले तरी काही उपयोग होत नाही. मास्टर नेहमी स्थिर सार्वजनिक पत्ता असलेल्या जोडणीवर किंवा व्हीपीएनच्या (इंटरनेटवरून जाणाऱ्या बंदिस्त खासगी नेटवर्कच्या) आत ठेवावा. शिवाय मोबाइल टॉवरलाही बॅटरीच असते. लाइट बराच वेळ गेली की तुमचा रिपीटर बॅकअपवर चालू असतो, पण ज्या मोबाइल टॉवरवर सिम अवलंबून आहे तोच झोपतो.

डिशच्या बाबतीत सागाचे जंगल फसवते. साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो. एप्रिलमध्ये दुर्बिणीतून समोरचा टॉवर स्वच्छ दिसतो, लिंक चांगली लागते आणि काम संपले असे वाटते. जुलैत तीच झाडे रुंद, ओली पाने घेऊन मध्ये उभी राहतात आणि लिंक तुटक होते. जंगलातून जाणाऱ्या लिंकची पाहणी शक्यतो पावसाळ्यात करावी; ते जमत नसेल तर झाडांच्या शेंड्यांवरून पुरेशी मोकळी जागा राहील इतकी डिशची उंची धरावी.

वेग किती लागतो, याचा हिशेब करून ठेवावा. एका स्लॉटच्या आवाजाला, एका गंतव्याकडे, सुमारे १५ केबीपीएस लागतात. पाच रिपीटरांच्या नेटवर्कमध्ये बोलणारा रिपीटर इतर चौघांना वेगवेगळ्या प्रती पाठवतो, म्हणून दोन्ही स्लॉट चालू असताना अपलोड १२० केबीपीएस होतो. व्हीपीएन प्रत्येक पाकिटावर, म्हणजे डेटाच्या तुकड्यावर, आपला बोजा टाकते. वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरच्या बाबतीत तो ६० बाइटांचा असतो आणि आवाजाचे पाकीट दर ६० मिलिसेकंदांना निघत असल्याने प्रत्येक प्रतीमागे आणखी सुमारे ८ केबीपीएस धरावे लागतात. देखरेखीसाठी ५५ केबीपीएस जमेस धरले की एकूण बेरीज अडीचशे केबीपीएसच्या आत राहते. म्हणजे वेग ही खरी अडचण नाहीच. पाकिटे हरवणे आणि त्यांना कमी-जास्त उशीर होणे, ही खरी अडचण आहे. म्हणून स्पीड टेस्टवर समाधान न मानता राउटरवरून निदान तासभर सलग पिंग (समोरचे साधन उत्तर देते का ते पाहणारी चाचणी) लावून किती पाकिटे गळाली ते पाहावे, आणि तेही संध्याकाळी सात ते दहा या वेळेत, कारण सगळे गाव तेव्हाच मोबाइलवर असते.

४. व्हीपीएन उभारा आणि पत्त्यांचा आराखडा कागदावर मांडा

रिपीटरचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे ठेवण्याच्या मी विरोधात आहे. ‘प्रमाणीकरण की’ ही पाकीट आपल्याच सदस्याचे आहे का, एवढेच तपासते. ती मजकूर गुप्त करत नाही. प्रत्येक ठिकाणी वायरगार्ड चालवणारा लहान राउटर ठेवावा आणि सर्वांना मुख्य कार्यालयातील राउटरशी जोडावे.

प्रत्येक ठिकाणाला स्वतंत्र पट्टा द्यावा: पहिल्या ठिकाणाला १०.२०.१.०, दुसऱ्याला १०.२०.२.० याप्रमाणे. प्रत्येक पट्ट्यात राउटर १, रिपीटर १० आणि वीज मोजणारे साधन २० असा एकच नियम ठेवला, तर रात्री अकरा वाजता फोनवर कोणाला पत्ता सांगताना वही उघडावी लागत नाही. रिपीटरचा पत्ता हाताने भरावा, डीएचसीपी (पत्ता आपोआप देण्याची सोय) बंद ठेवावे. १९२.१६८.१० हा पट्टा मात्र टाळावा, कारण वायरलेस सेट यूएसबीने लॅपटॉपला जोडल्यावर मूळ सेटिंगमध्ये तोच पट्टा वापरतो आणि मग लॅपटॉपला कोणत्या दिशेने जायचे ते कळत नाही.

वायरगार्ड उभारताना तीन गोष्टी नीट पाहाव्यात.

पहिली गोष्ट परवानगी असलेल्या पत्त्यांची. प्रत्येक ठिकाणच्या राउटरवर फक्त मुख्य कार्यालयाचा पट्टा भरला, तर पीअरला मास्टर दिसतो, नोंद होते, पण इतर पीअरांकडे जाण्याचा रस्ता त्याला नसतो. सर्व ठिकाणांचे पट्टे भरावेत; वरच्या आराखड्यात १०.२०.०.० हा संपूर्ण पट्टा, १६ बिटांच्या मास्कसह, एकदाच भरला की पुरते.

दुसरी गोष्ट जोडणी जिवंत ठेवण्याची. सिमवर चालणाऱ्या राउटरवर दर २५ सेकंदांनी एक छोटे पाकीट पाठवण्याची सोय चालू करावी, नाही तर मोबाइल कंपनी शांत पडलेला मार्ग बंद करून टाकते.

तिसरी गोष्ट घड्याळाची, आणि ती जवळजवळ कोणीच सांगत नाही. वायरगार्डच्या हस्तांदोलनात वेळेचा शिक्का असतो आणि आधीच्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला तर समोरचा राउटर तो नाकारतो. स्वस्त राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते, म्हणून लाइट जाऊन आल्यावर ते जुन्या तारखेने उठतात आणि सगळे सेटिंग बरोबर असूनही व्हीपीएन लागत नाही. यावर उपाय म्हणून एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या सोयीने) वेळ घ्यावी, आणि एनटीपीचा मार्ग व्हीपीएनच्या बाहेरून, थेट सिमवरून ठेवावा. वेळ व्हीपीएनच्या आतून घ्यायची सोय केली, तर वेळेसाठी व्हीपीएन आणि व्हीपीएनसाठी वेळ, असे दोघे एकमेकांची वाट पाहत बसतात.

५. रिपीटर आधी आपसांत जोडा

आरडॅक बसवण्याची घाई करू नये. आवाज एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी व्यवस्थित जात नाही तोवर देखरेख जोडली, तर दोष कुठला ते ओळखणे कठीण होते.

प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमध्ये एका रिपीटरचा लिंक प्रकार मास्टर आणि बाकीच्यांचा पीअर ठेवावा. पीअरांमध्ये मास्टरचा आयपी पत्ता आणि यूडीपी पोर्ट भरावे. मूळ सेटिंगमध्ये हे पोर्ट ५०००० असते. प्रमाणीकरण की ४० अंकांपर्यंत असू शकते आणि तिच्यात ० ते ९ आणि ए ते एफ एवढीच चिन्हे चालतात. ती फोनवरून सांगू नये. बी आणि डी यांच्यातला फरक फोनवर कळत नाही, आणि एक अंक चुकला तरी रिपीटर कोणतीही तक्रार न करता नुसता अलिप्त राहतो. ज्या चॅनेलवर सर्व ठिकाणांनी ऐकायचे आहे त्याचा स्लॉट आयपी साइट कनेक्टसाठी ठरवावा आणि दुसरा स्लॉट स्थानिक ठेवायचा की तोही जोडायचा, हे वापरणाऱ्यांशी बोलून नक्की करावे. संदेश-विलंबाचे सेटिंग सर्व रिपीटरांत सारखे असावे, फर्मवेअरही एकाच आवृत्तीचे असावे.

एका रिपीटरचा कोडप्लग दुसऱ्यात जसाच्या तसा उतरवण्याची सवय सर्रास आढळते. त्यात रेडिओ आयडीही उतरतो. मग एकाच आयडीचे दोन पीअर मास्टरकडे नोंद करतात, आणि कधी हा तर कधी तो असे आळीपाळीने जोडले आणि तुटले जातात. लिंक खराब असल्यासारखेच हे दिसते, म्हणून लोक डिश हलवत बसतात. कोडप्लग उतरवल्यावर सर्वांत आधी आयडी बदलावा.

सगळे जोडले की प्रत्येक ठिकाणाहून प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष बोलून पाहावे. मास्टरशी बोलणे झाले म्हणजे सर्वांशी झाले, असे धरू नये.

६. आता आरडॅक जोडा

संगणक मुख्य कार्यालयात, व्हीपीएनच्या आतल्या पट्ट्यात, स्थिर पत्त्यावर असावा. केबलने जोडावा, वायफायने नको. विंडोजमध्ये संगणक झोपी जाण्याची सोय बंद करावी. एकापेक्षा अधिक नेटवर्क कार्ड चालू असतील, तर नको ती बंद करावीत, नाही तर सॉफ्टवेअर चुकीच्या कार्डाने बाहेर पडण्याची शक्यता राहते.

नंतर आरडॅकमध्ये नवे नेटवर्क तयार करून मास्टरचा पत्ता, मास्टरचे पोर्ट, प्रमाणीकरण की आणि संगणकासाठी राखून ठेवलेला आयडी भरावा. हा आयडी कोणत्याही रिपीटरशी जुळता कामा नये. विंडोजच्या फायरवॉलमध्ये या सॉफ्टवेअरला आत येणाऱ्या यूडीपी पाकिटांची परवानगी द्यावी. फक्त बाहेर जाणारी परवानगी पुरत नाही, कारण पीअर स्वतःहून या संगणकाकडे येतात.

जोडणी झाल्यावर आधी मास्टर आणि मग एकेक करून बाकीचे रिपीटर यादीत दिसू लागतात. प्रत्येकाचे नाव गावाच्या नावाने ठेवावे. ‘रिपीटर ३’ या नावावरून गाडी कुठे वळवायची ते चालकाला समजत नाही.

देखरेखीबरोबर संभाषण ऐकणे, ध्वनिमुद्रण किंवा सेटचे स्थान नकाशावर पाहणे हवे असेल, तर ते आरडॅकचे काम नाही. त्यासाठी तिसऱ्या कंपन्यांची डिस्पॅच सॉफ्टवेअर मिळतात, आणि रिपीटरमध्ये ‘नेटवर्क ॲप्लिकेशन इंटरफेस’ या सोयीचा वेगळा परवाना विकत घ्यावा लागतो. दरपत्रक मागवतानाच हे विचारून घ्यावे.

७. दिसत नसेल तर कुठे पाहावे

काहीच दिसत नाही: मास्टरला पिंग करा. पिंग लागत नसेल तर दोष व्हीपीएनमध्ये आहे, आरडॅकमध्ये शोधू नका. पिंग लागते पण यादी रिकामी आहे, तर प्रमाणीकरण की, पोर्ट आणि विंडोजची फायरवॉल याच क्रमाने तपासा.

फक्त मास्टर दिसतो, बाकीचे दिसत नाहीत: हा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार आहे आणि त्याचे कारण जवळजवळ नेहमी मार्गाचेच असते. मास्टरने संगणकाला पीअरांचे पत्ते दिले, पण संगणकाकडून त्या पत्त्यांकडे किंवा तिकडून संगणकाकडे जायला रस्ता नाही. चौथ्या पायरीतले परवानगीचे पत्ते दोन्ही टोकांना तपासा. तपासताना संगणकावरून पीअरला आणि त्या ठिकाणच्या राउटरवरून संगणकाला, असे दोन्ही दिशांनी पिंग करावे.

कार्यालयातून दिसत नाही, घरून दिसते: मास्टरचा सार्वजनिक पत्ता वापरला असेल आणि संगणक मास्टरच्याच राउटरमागे असेल, तर पाकीट बाहेर जाऊन पुन्हा आत यावे लागते. बरेच राउटर हे करत नाहीत. आतल्या संगणकासह सर्वांनी व्हीपीएनमधला पत्ताच वापरला, तर हा प्रश्न उद्भवत नाही.

एखादा रिपीटर दर काही मिनिटांनी येतो आणि जातो: आधी आयडीची पुनरावृत्ती, मग सिमची रेंज आणि शेवटी वीजपुरवठा पाहा.

सगळे हिरवे आहे, तरी सेट लागत नाही: सेटमधला कलर कोड, स्लॉट किंवा टॉकग्रुप (संभाषणाच्या गटाचा क्रमांक) चुकलेला असेल तर रिपीटरला त्यात काहीच वावगे दिसत नाही. कलर कोड ० ते १५ पैकी असतो आणि तो सेटमध्ये व रिपीटरमध्ये एकच लागतो. हा दोष संगणकावर नव्हे, हातातल्या सेटवर शोधावा.

८. अलार्म आपल्या हवेप्रमाणे आणि मातीप्रमाणे वाचा

आरडॅक तापमान, पंखा, मुख्य वीज, प्रक्षेपक (ट्रान्समीटर), ग्राहक (रिसीव्हर) आणि व्हीएसडब्ल्यूआर यांचे अलार्म दाखवते. पुस्तकात त्यांचा अर्थ सर्वत्र सारखाच दिलेला असतो, पण विदर्भात प्रत्येकामागची कारणे स्थानिक असतात आणि ती ओळखता आली तरच सॉफ्टवेअरचा खर्च वसूल होतो.

तापमान. मे महिन्यात चंद्रपूर, वर्धा, अकोला इकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून कितीतरी अधिक उष्णता साठते. दुपारी दोन ते पाच या वेळेत येणारा आणि रात्री जाणारा अलार्म हा खोलीचा दोष असतो, रिपीटरचा नाही. वरच्या बाजूला गरम हवा बाहेर टाकणारा पंखा आणि पत्र्यावर सावली हाच त्यावर उपाय. अलार्म दिवाळीनंतर, थंडीच्या तोंडावर सुरू झाला, तर मात्र रिपीटरचा पंखा उघडून पाहावा. जिनिंगचा हंगाम त्याच सुमारास सुरू होतो आणि जवळ जिनिंग असेल तर कापसाचे बारीक तंतू पंख्याच्या जाळीवर गादीसारखे बसतात.

व्हीएसडब्ल्यूआर. हे गुणोत्तर १.५ असेल तर सुमारे ४ टक्के शक्ती परत येते, २ असेल तर ११ टक्के आणि ३ असेल तर २५ टक्के. बसवणीच्या दिवशी मीटरने मोजलेला आकडा नोंदवून ठेवावा, कारण नुसता अलार्म बिघाड झाल्यावरच बोलतो, तर नोंदवलेला आकडा हळूहळू होणारी घसरण दाखवतो. पहिल्या पावसानंतर आकडा वाढला तर कनेक्टरमध्ये पाणी गेले असे धरून चालावे. कोरड्या दिवसांत एकाएकी वाढला तर वानरांनी फीडर केबलला (रिपीटरपासून अँटेनाकडे जाणाऱ्या केबलला) झोके घेतलेले असण्याची शक्यता पडताळावी. केबलला दर मीटरभर क्लॅम्प असतील तर त्यांना लोंबायला जागा राहत नाही. टॉवरवर चढण्यापूर्वी दुर्बिणीने आग्यामोहोळ आहे का ते पाहावे. मोहोळ दिसल्यास त्या दिवशी कोणालाही वर चढवू नये, अलार्म कितीही लाल असो.

मुख्य वीज. खोलीला जोडणी कोणत्या फीडरवरून आहे, हे महावितरणच्या वायरमनकडून नक्की करून घ्यावे. शेतीपंपांच्या फीडरवर पुरवठा ठरावीक तासांपुरताच असतो आणि तो कधी दिवसा तर कधी रात्री येतो. त्यावर रिपीटर जोडला असेल तर वीज गेल्याचा अलार्म रोजच वाजेल आणि थोड्याच दिवसांत त्याकडे कोणी पाहणार नाही. जोडणी गावठाण फीडरवरून घ्यावी. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचे व्होल्टेज वेगळ्या साधनाने मोजता आले तर फार बरे. ते १०.८ व्होल्टपर्यंत उतरले म्हणजे बॅटरी संपली. त्याच्या बरेच आधी, साधारण ११.८ वरच, सूचना यावी असे ठेवावे, म्हणजे जनरेटर घेऊन पोहोचायला वेळ मिळतो.

अर्थिंग. याचा अलार्म कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये नसतो, म्हणून इथे लिहीत आहे. आपली काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती आकसते, भेगाळते आणि अर्थिंगच्या इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटते. पावसाळ्यात मोजलेले अर्थिंग नेहमीच चांगले येते. खरे मोजमाप मे महिन्याच्या अखेरीस, मृगाच्या आधी करावे, कारण विजांचा कडकडाट नेमका तेव्हाच, माती कोरडी असताना सुरू होतो. फीडर केबल आणि इथरनेट केबल या दोन्हींना सर्ज अरेस्टर असावेत. बरेच जण फक्त अँटेनाच्या बाजूला लावतात, आणि वीज डिशच्या केबलने येऊन राउटर आणि रिपीटरचे इथरनेट पोर्ट घेऊन जाते.

९. स्वतंत्रपणे पाहणारी दुसरी सोय ठेवा

आरडॅकमध्ये एखादा रिपीटर नाहीसा झाला, तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात: रिपीटर बंद पडला, किंवा रिपीटर चालू आहे पण मधला मार्ग तुटला. दुसऱ्या परिस्थितीत त्या गावच्या हद्दीतले लोक आपसांत अजून बोलत असतात आणि रात्री गाडी काढण्याची गरज नसते. आरडॅक एकटे हा फरक सांगू शकत नाही.

म्हणून झॅबिक्ससारखे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर वेगळ्या संगणकावर लावून त्यातून प्रत्येक ठिकाणचा राउटर, रिपीटर आणि वीज मोजणारे साधन यांना दर मिनिटाला पिंग करावे. राउटर उत्तर देतो आणि रिपीटर देत नाही, तर दोष खोलीतच आहे: रिपीटरची वीज, त्याचा फ्यूज किंवा इथरनेट केबल, जी खारी आणि उंदीर आवडीने कुरतडतात. तिघेही गप्प आहेत, तर बहुधा मार्ग तुटला आहे; त्या हद्दीतल्या कोणाला तरी फोन करून सेटवर जवळच्या माणसाशी बोलायला सांगावे. बोलणे झाले तर रिपीटर जिवंत आहे. हे निदान खरे ठरण्यासाठी राउटरला रिपीटरपासून वेगळी लहान बॅटरी द्यावी, नाही तर बॅकअप संपताना दोघे एकाच क्षणी जातात आणि शेवटी काय घडले ते कळत नाही.

दोन्ही संगणकांची आणि सर्व राउटरांची वेळ एकच असावी. नोंदींमध्ये पाच मिनिटांचा फरक असेल, तर आधी वीज गेली की आधी लिंक गेली यावरून वायरमन आणि इंटरनेटवाला यांच्यात होणारा वाद मिटवता येत नाही.

१०. आज्ञा देण्याचे अधिकार मर्यादित ठेवा

आरडॅकमधून रिपीटर बंद करता येतो, पुन्हा सुरू करता येतो, चॅनेल बदलता येतो आणि प्रक्षेपणाची शक्ती कमी-जास्त करता येते. सोय मोठी आहे, पण दूरवरचा रिपीटर बंद केल्यावर मार्गही तुटला, तर तो सुरू करायला जागेवरच जावे लागते, आणि पावसाळ्यात नाल्यावरून पाणी वाहत असेल तर तेही लगेच जमत नाही. रोज पडद्याकडे पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला फक्त पाहण्याची मुभा असावी. आज्ञा देण्याचा पासवर्ड दोघांपलीकडे जाऊ नये. संभाषण चालू असताना रिपीटर बंद किंवा रीसेट करण्यापूर्वी सेटवरून तशी घोषणा करावी.

सूचना कोणाला जाव्यात हेही याच वेळी ठरवावे. सगळे अलार्म सगळ्यांना पाठवले तर आठवडाभरात सगळे जण ते बंद करतात. वीज आणि बॅटरीच्या सूचना किल्ली असलेल्या माणसाला, व्हीएसडब्ल्यूआर आणि प्रक्षेपकाच्या तंत्रज्ञाला, आणि नेटवर्क तुटल्याच्या राउटर सांभाळणाऱ्याला जाव्यात. महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी आणि जागेवर माणूस हजर असताना, प्रत्येक ठिकाणची मुख्य वीज मुद्दाम बंद करून सूचना योग्य माणसाच्या फोनवर किती मिनिटांत पोहोचली आणि बॅटरीने किती वेळ काढला, ते त्या ठिकाणच्या वहीत तारखेसह लिहावे.